पाहुण्याचं मरण कोणी लिहायचं?

अन्याय झाला तो माझ्या दोस्तावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजच्या वाचनालयात. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. वेळ पक्की सांगतो, कारण तासाची घंटा नुकतीच वाजली होती आणि मी तास बुडवून वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसलो होतो. शिपाई आत आला. पुस्तकांवर नंबरच्या चिठ्ठ्या डकवत बसलेल्या माझ्या दोस्ताला त्याने नाव विचारलं, एक कागद त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्या कागदावर त्याची सही घेतली. दोस्ताची बोटं डिंकाने भरलेली होती. सहीचा कागद बोटाला चिकटून वर आला, तेव्हा शिपाई म्हणाला, "आता सोड त्याले."

कोणाचंही नाव मी इथे देणार नाही. एकदा नाव छापलं होतं, त्याचं काय झालं ते पुढे येईल.

कागदावर लिहिलं होतं की हा इसम पाकिस्तानी नागरिक असून व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिला आहे, सबब त्याने तीस दिवसांच्या आत भारत देश सोडून जावे. दोस्ताने तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे सरकवला.

"पाय बे. मले कुठं जायाले सांगून राह्यले हे?"

तो सकाळी अकरापर्यंत इंटरच्या वर्गात बसायचा आणि नंतर वाचनालयात काम करायचा. कॉलेजच्या रजिस्टरात विद्यार्थी म्हणून त्याचं नाव होतं आणि हजेरीपटात नोकर म्हणूनही. घर देऊळघाटला. बाप वारलेला, आई भाजीपाला पिकवून बुलढाण्याच्या बाजारात आणणारी. रोज सायकलवर ये-जा. पाकिस्तान म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे जे काही यायचं, त्यात मेथीच्या जुड्या मागे बांधलेली सायकल कुठेच बसत नव्हती.

पण कागद अगदी खोटाही नव्हता, आणि तिथूनच माझं डोकं फिरायला लागलं.

फाळणीनंतर तिसऱ्या वर्षी त्याचा मामा कराचीला गेला. मामाला मूलबाळ नव्हतं. तिकडे सायकलचं दुकान टाकतो, पोरगं हाताशी देतोस का, असं त्याने मेहुण्याला विचारलं. मेहुणा हो म्हणाला. पोरगं गेलं. दूर गावच्या नातेवाइकाकडे शिकायला पोर ठेवायचं ही आपल्याकडे काय नवी गोष्ट आहे? कोणी अकोल्याला ठेवतं, कोणी अमरावतीला. तेव्हा परवान्यावर जाता यायचं. पुढे पासपोर्ट निघाले. बाप आजारी पडल्याची तार गेली तेव्हा पोराला परत पाठवायचं, तर पासपोर्टाशिवाय सोडेनात. मामाने तिथला पासपोर्ट काढून दिला, त्यावर तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला. पोरगं आलं, बापाच्या पायाशी बसलं, बाप गेला. आई म्हणाली, आता जाऊ नको. तो गेला नाही. राहू द्या असा अर्ज आईने अंगठा उठवून कुठेतरी दिला होता. उत्तर आलं नाही, म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की हो म्हणाले असतील.

सहा वर्षं. त्यात तो मॅट्रिक झाला, कॉलेजात आला, वाचनालयातलं कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते अंधारात हात घालून सांगायला लागला. मग कागद आला.

आम्ही दोघं प्राचार्यांकडे गेलो. ते पुण्याकडचे, सभ्य माणूस. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"नोकरीचं म्हणाल, तर अशी नोटीस असलेला माणूस मला ठेवता येणार नाही. आजपासून."

"आणि वर्गात?" मी विचारलं.

"ते मी विद्यापीठाला विचारतो."

"असा काही कायदा हाय का, की नोटीस आली म्हणजे नोकरी गेली?"

"आहे की नाही, तेच विचारायचं आहे."

"मग उत्तर येईस्तोवर नोकरी काऊन काढता?"

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "हे बघा, मला वाईट वाटतं," आणि खरंच वाटत होतं. माझ्या पत्रकांतली माणसं अशी नसत. पत्रकात एक अन्याय करणारा असतो, त्याला वाईट वाटत नाही.

मी तेव्हा पाच जणांच्या एका मंडळात होतो. मंडळाला नाव होतं, शिक्का होता, आणि बाजाराच्या बोळात एक ट्रेडल मशीनवाला आम्हाला उरलेल्या गुलाबी कागदावर पत्रकं छापून द्यायचा. वसतिगृहातलं जेवण, फीवाढ, कापसाचा भाव, कशावरही पत्रक काढायचं आणि लिहायचं मी. तर मी बसलो आणि लिहिलं. मथळा होता: 'देऊळघाटचा भूमिपुत्र परका कसा?' त्यातलं एक वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते मंडळात तीनदा वाचून दाखवलं. 'वयाच्या अठराव्या वर्षी, भर तारुण्यात, मृत्युशय्येवरील पित्याच्या ओढीने, कोणीही न सांगता, स्वतःच्या मनाने पासपोर्ट मिळवून हा तरुण मायभूमीकडे धावला.' वय मी कॉलेजच्या रजिस्टरातून काढलं. 'स्वतःच्या मनाने' हे माझं. दोस्ताचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं ठळक अक्षरात. आठवडी बाजारात आम्ही ते हातोहात वाटलं. एका बाईने त्यात लसूण बांधून घेतला. मी म्हटलं, असू दे, घरी जाऊन कोणीतरी वाचेल.

वाचलं. दोन दिवसांनी एस. पी. ऑफिसातून आम्हा दोघांना बोलावणं आलं.

तिथे परदेशी लोकांची नोंद ठेवणारा एक जमादार होता. एक टेबल, एक कपाट, आणि कपाटात मोजक्याच फायली. आपल्या जिल्ह्यात परदेशी माणसं ती किती असणार. मी तयारीने गेलो होतो, छाती काढून. तो म्हणाला, "बसा. च्या घ्या." आम्ही बसलो. त्याने फाईल उघडली. आमचं गुलाबी पत्रक भोक पाडून, दोरा ओवून, वर लाल पेन्सिलीने पान नंबर टाकून आत लावलेलं होतं.

"हे कोणं लिहिलं?"

"म्या."

"भाषा चांगली हाय तुमची. याच्यानं पोराचं वाटोळं झालं."

मला वाटलं तो धमकी देतो आहे. तो शिकवत होता. बशीत च्या ओतून, फुंकर घालत घालत त्याने सांगितलं ते मी आज शहाण्यासारखं मांडतो, तेव्हा निम्मंच कळलं होतं. माणसाने आपणहून दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की कायद्याने तो इथला राहत नाही. पण आपणहून घेतला की नाही, हा प्रश्न निघाला तर तो ठाण्याने ठरवायचा नाही, जिल्ह्याने नाही, मुंबईने नाही. तो दिल्लीने ठरवायचा, आणि दिल्ली ठरवत नाही तोवर त्या माणसाला हद्दीबाहेर काढता येत नाही. लहान पोराचं आपणहून असं काही नसतं. त्याला नेलं तिथे ते जातं, आणि बाप जिथला तिथलं ते असतं. बाप देऊळघाटात राहिला, देऊळघाटात मेला.

"मग ह्याचा प्रश्न निघतेच की," मी म्हटलं.

"कसा निघते? अठरा म्हणजे सज्ञान. तुम्हीच छापून दिलं, अठराव्या वर्षी, कोणी न सांगता, स्वतःच्या मनानं. मले तपास करायचंही काम ठेवलं नाही तुम्ही."

"हे आम्हाले आधी कोणी सांगतलं नाही."

"कोणं विचारलं?"

मी विचारलं, "तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे?"

"मी फायलीच्या बाजूचा," जमादार म्हणाला. "फायलीत जे लावसान ते वर जाईन. तुमी नेमकं हे लावलं."

 बाहेर आल्यावर दोस्ताने सायकलचं कुलूप काढलं आणि माझ्याकडे न बघता बोलला.

"मी अठराचा नव्हतो बे. अम्मी म्हणते सोळाचा होतो. लिहायच्या आंधी मले इचारलं असतं तं?"

मी विचारलं नव्हतं. ज्याच्यासाठी पत्रक काढलं त्याला सोडून बाकी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

आमच्याकडे शाळेतलं वय ही काही फार गंभीर बाब नसते, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. माझं स्वतःचं शाळेतलं वय आई सांगते त्यापेक्षा आठ महिन्यांनी कमी आहे. गुरुजी पोराच्या उंचीकडे बघून तारीख घालतात. पण दोस्ताचा बाप नेमका माणूस होता, आणि घोटाळा त्याच्या नेमकेपणातच झाला.

त्याच दुपारी आम्ही देऊळघाटला गेलो. त्याची आई अंगणात मेथी निवडत होती. आम्ही जे विचारलं त्याचं तिला काही नवल वाटलं नाही. आजवर कोणी विचारलं नव्हतं इतकंच.

"दोन झाले मले. पहिला गेला. मंग हा झाला. पहिल्याचंच नाव याले ठेवलं."

"तेच नाव?"

"गेलेल्याचं नाव येणाऱ्याले. आमच्यात ठेवतात. तुमच्यात नाही ठेवत?"

आमच्यातही ठेवतात. मी मान हलवली.

मग उलगडलं ते असं. गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवाल पाटलाला सांगतो, पाटील ते कोतवालबुकात उतरवतो. त्यात बापाचं नाव असतं, मुलगा की मुलगी ते असतं, तारीख असते. पोराचं नाव नसतं, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद होते. पोराला शाळेत घालताना बापाने, इतरांसारखं अंदाजाने न सांगता, तहसिलीतून रीतसर नक्कल आणली. नकलेत बापाच्या नावापुढे मुलगा होता, तारीख होती. गुरुजींनी तीच घातली. ती पहिल्याची तारीख होती. मेलेल्याची. माझा दोस्त कागदावर आपल्या मेलेल्या भावाच्या वयाने वाढत होता, आणि म्हणून पासपोर्टावर सही केली त्या दिवशी खरा सोळाचा असून कागदावर साडेअठराचा होता.

मला आनंद झाला. मला वाटलं, झालं, सुटलो. पुन्हा तहसिलीत जाऊन दोन्ही जन्मांच्या नकला काढायच्या. दोन मिळाल्या, दोघांमध्ये अडीच वर्षांचं अंतर. त्या घेऊन आम्ही जमादाराकडे गेलो. त्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आणि तारखांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे दोन भाऊ."

"हो."

"हा धाकटा, असं तुमचं म्हणणं. मंग थोरला कुठाय?"

"मेला."

"मेल्याची नोंद?"

 देऊळघाटच्या बुकात ती नव्हती. तहसिलीतल्या कारकुनाने दोन वर्षांची पानं उलटून बघितली होती.

"मंग कागदावर दोघंही जित्ते हायेत," जमादार म्हणाला. "मी म्हणन हाच थोरला. तुमी म्हणसान हा धाकटा. वरचे म्हणतीन, दुसरा कुठं लपवून ठेवला? त्याच्याही नावानं एक नोटीस काढून ठेवा."

दोस्त हसला. मीही हसलो. बाहेर येऊन दोघांनाही कळेना की आपण कशाला हसलो. सतरा दिवस उरले होते.

पुन्हा देऊळघाट. पुन्हा तेच अंगण. मी विचारलं, "खाला, पहिल्याची नोंद काऊन नाही केली तुम्ही?"

"अठी कुठं मेला तो? माहेराले मेला. भावाच्या लग्नाले गेलती मी. तीन दिवस ताप, अन् गेला. तठीच माती देली." ती मेथीची काडी मोडत म्हणाली, "तठं लिहिलं असंन म्हटलं."

"माहेर कोणतं तुमचं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चेष्टाच करतो आहे.

"तुहंच तं गाव हाय बेटा. उंद्री."

उंद्रीचा मी, आणि दोस्ताचं आजोळ कोणतं ते आजवर विचारलं नव्हतं. आणि उंद्रीची पाटीलकी आमच्या घरात. त्या वर्षी कोतवालबुक लिहिणारा माणूस म्हणजे माझा बाप.

उंद्री चिखली तालुक्यात, म्हणून चिखलीच्या तहसिलीत मी एकटा गेलो. उंद्रीच्या बुकाची पानं काढून घेतली. बापाचं अक्षर मी ओळखतो, 'ळ' उगाच मोठा काढायची त्याची सवय आहे. त्या लग्नसराईतल्या सगळ्या नोंदी त्याच्या हातच्या होत्या. गावातली एक म्हातारी, एक बाळंतीण, एक साप चावलेला गडी. दीड वर्षाचं पाहुणं पोर नव्हतं.

मी बापाशी भांडायच्या तयारीने घरी गेलो. वाटेत मी मनात पत्रकच लिहीत होतो. मथळासुद्धा सापडला होता. तो गोठ्यापुढे अंबाडीचा दोर वळत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याने दोर थांबवला नाही.

"आठवते मले," तो म्हणाला. "कोतवाल आल्ता सांगाले. म्या म्हटलं, पोरगं देऊळघाटचं हाय. देऊळघाटात लिहितीन."

"काऊन पण? मेलं इथं, तं इथंच लिहायाले पाह्यजे ना?"

"पाहुण्याचं मरण आपल्या गावावर लिहीत नसतात. जे माणूस ज्या गावचं, त्या गावच्या बुकात. मह्या बापानंही असंच केलं. आजूबाजूचे सारेच पाटील करत. आपल्या गावावर दुसऱ्याचं मरण काऊन घ्यायचं?"

"आन् देऊळघाटचा पाटील काय म्हणला असंन?"

"तो म्हणला असंन, मेलं उंद्रीले, आपल्याले काय माहीत."

"म्हणजे कोणीच नाही लिहिलं."

"कोणीच नाही," बाप म्हणाला. जणू हे त्यालाही आत्ताच समजलं.

मी म्हटलं, शपथेवर लिहून द्या. पोर उंद्रीत मेलं, मला माहीत होतं, मी लिहिलं नाही. एवढ्या एका कागदावर माझ्या दोस्ताचं इथे राहणं अवलंबून आहे.

त्याने दोर खाली ठेवला. "सरकारी बुकात म्या नोंद सोडली, असं मह्या सहीनं लिहून देऊ? पाटीलक्या मोडाच्या गोष्टी सुरू हायेत गावागावात. उद्या म्हणतीन, हा पाटील बुकं खोटी ठेवत होता. एकच सोडली का शंभर, कोण सांगन?"

"किती सोडल्या?"

तो उठून बैलाला पेंढी टाकायला गेला. मला पहिल्यांदाच कळलं की मी कोणत्या बाजूने ओरडतो आहे हे मलाच माहीत नाही. सरकार चुकीचं, हे मी लिहू शकत होतो. पण सरकारच्या बुकात अक्षर माझ्या बापाचं होतं. प्राचार्य घाबरट, असं लिहू शकत होतो, पण घाबरट बाप त्या क्षणी माझ्यासमोर बैलाची पाठ थोपटत उभा होता. आणि अठरा वर्षांचा, स्वतःच्या मनाने, हे तर मीच लिहिलं होतं. मथळा विसरून गेलो. जेवलो नाही. 

दोन दिवसांनी दोस्ताची आई उंद्रीला आली. मी बोलावलं नव्हतं, दोस्तानेही नाही. तिचा एक भाऊ अजून गावात होता, त्याच्याकडे ती उतरली आणि सकाळी भाऊ बरोबर न घेता एकटीच आमच्या दाराशी आली. मला वाटलं, आता ही रडेल, पदर पसरेल. मी आत दाराच्या आडोशाला उभा राहिलो. मला ते बघायचं नव्हतं.

बापाने बसायला सतरंजी टाकली. "ये बाई. कवा आलीस?"

"काल. पाटीलदादा, तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय."

मग ते कितीतरी वेळ पिकाबद्दल बोलत राहिले. जवारी कशी आहे, देऊळघाटच्या विहिरीला पाणी किती, मिरचीवर रोग पडला की नाही.  सहा दिवस उरले होते आणि ही माणसं मिरचीवर बोलत होती. शेवटी ती जायला उठली आणि उठता उठता म्हणाली,

"काल जाऊन आली मी तठं. लिंबाखाली. गड्ड्यावर कोणाची तरी बकरी बांधेल होती."

बापाने सतरंजीचा कोपरा सरळ केला.

"त्या दिवशी तुमी आलते ना दादा माती द्याले? म्या बायामाणसांतून पाह्यलं. तुमी खाली वाकून माती टाकली. नवरदेवाच्या मांडवातून तसेच उठून आलते. डोक्याले फेटा होता."

"आलतो," बाप म्हणाला.

"हाव. तेवढंच मले आठवत होतं. चला, येते."

ती गेली. कोणतीही मागणी तिने केली नाही.  मग बापाने मला हाक मारली. "आडोशाले उभा राहून काय आयकतं बे? तुह्या जमादाराले विचार, कोण्या दिवशी यायाचं."

बुलढाण्याच्या कचेरीबाहेर अर्जनवीस बसतात, पुढ्यात पेटी आणि पेटीवर शाईची दौत. त्यातल्या एकाने बापाचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि मुद्रांकाच्या कागदावर झरझर लिहून वाचून दाखवलं. '...सदर मृत्यूची नोंद माझ्याकडून नजरचुकीने राहून गेली.'

"नजरचूक नव्हती," बाप म्हणाला.

अर्जनवीस म्हणाला, "पाटील, असंच लिहीत असतात. तुमच्या सोयीचं हाय."

"मले माहीत होतं. कोतवालानं येऊन सांगतलं होतं. मी माती द्याले गेलतो. रीत तशी होती म्हणून नाही लिहिलं. जसं झालं तसं लिहा."

"त्यानं तुमच्यावर येईन."

"माह्यावर येईन तं येऊ द्या. नजरचूक म्हटलं तं उद्या म्हणतीन, नजर चुकली तं मेला हे तरी कशावरून."

हे अर्जनवीसालाही पटलं. त्याने तो कागद फाडला. मुद्रांक वाया गेला म्हणून कुरकुरला, आणि दुसऱ्यावर लिहिलं. बापाने सही केली. त्यातही 'ळ' मोठा आला.

शपथपत्र, दोन जन्मांच्या नकला आणि आईचा अंगठा असलेला नवा अर्ज, असं सगळं जमादाराने दोरा ओवून फायलीत लावलं, आमच्या गुलाबी पत्रकाच्या वर. मी विचारलं, ते पत्रक काढून टाकता येईल का. तो म्हणाला, "लावलेलं काढत नसतात. त्याच्यावर लावत जायाचं." मुदत संपायला एक दिवस असताना दोस्ताच्या हातात चिठ्ठी पडली. प्रश्न दिल्लीकडे पाठवला आहे, निकाल येईपर्यंत त्याने जिल्ह्याबाहेर जाऊ नये, दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यावी.

ते होऊन आता दोन वर्षं होत आली. निकाल आलेला नाही. दोस्त दर सोमवारी सही करतो. पहिल्या पावसाळ्यात विद्यापीठाचं उत्तर आलं, की विद्यार्थी म्हणून बसवायला हरकत दिसत नाही. नोकरीबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, म्हणून प्राचार्यांनी पुन्हा विचारलं आहे. बी. ए.च्या वर्गात तो बसतो आणि वाचनालयात, जिथे आता दुसराच माणूस चिठ्ठ्या डकवतो, तिथे पुस्तक सापडेनासं झालं की लोक त्यालाच विचारतात. तो उठून काढून देतो. फुकट. एकदा मी म्हटलं, काऊन देतं बे त्यायले काढून? तो म्हणाला, "त्या पुस्तकानं माहं काय बिघडवलं?"

बापावर अजून काही आलेलं नाही. येईल असं तो धरून चालला आहे. माझ्याशी त्या विषयावर तो बोलत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात गावात एका लग्नाला आलेली जालन्याकडची म्हातारी वारली, तेव्हा कोतवालबुक आता ज्याच्याकडे आलं आहे त्या नव्या माणसाकडे तो स्वतः चालत गेला आणि नोंद होईपर्यंत तिथून हलला नाही.

मी हे पुन्हा छापायला देतो आहे, आणि या वेळी दोस्ताला ओळीने ओळ वाचून दाखवलं आहे. दोन वाक्यं त्याने कापली. कोण दोषी ते मला आजही नीट सांगता येत नाही. हे लिहिताना वाटलं होतं की शेवटापर्यंत सापडेल. सापडलं नाही. पण काय करायचं ते सापडलं आहे, आणि ते तुम्हीच करायचं आहे.

तुम्ही कॉलेजात शिकत असाल, शिकवत असाल किंवा तिथली फरशी पुसत असाल, आणि तुमच्या शेजाऱ्याच्या हातात असा कागद पडला, तर सभा भरवण्याआधी, माझ्यासारखं लिहायला बसण्याआधी, त्याला विचारा: तू किती वर्षांचा होतास, तुला कोणी नेलं, तुझ्या आईला काय आठवतं. त्याचा प्रश्न दिल्लीला पाठवा, म्हणजे निकाल येईपर्यंत त्याला कोणी हलवू शकणार नाही. आणि तुम्ही पाटील असाल, पाटलाचा मुलगा किंवा सून असाल, तर आज घरी जा. जाणत्या माणसाला समोर बसवा आणि विचारा, आपल्या गावात कोण पाहुणं मेलं, कोणाचं पोर जन्मलं, आणि आपण ते लिहिलं नाही. ते सांगतील. त्यांना आठवतं. सांगितलं की त्यांना घेऊन कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडे या, आणि नजरचूक असं लिहू देऊ नका.